वहीतला खोटा १४०

ताई,
मी ३१ वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत गणित शिकवते. सोळाव्या वर्षी टाइप वन मधुमेह निघाला, तेव्हापासून इन्सुलिन चालू आहे. आता तिन्ही जेवणांआधी जलद आणि रात्री झोपताना चोवीस तासांचं, असं दिवसातून चार वेळा टोचते. दीड वर्षापूर्वी लग्न झालं. घरची माणसं चांगली आहेत. पण शुगरचं काही कळेनासं झालंय. सोमवारी पोहे खाल्ले, ६ युनिट घेतले, दोन तासांनी १३८. मंगळवारी तेच पोहे, तेच ६ युनिट आणि २७१. मागच्या महिन्यात रात्री जेवल्यावर तासाभराने ३०४ दिसली. घाबरून ५ युनिट घेतले. दीड तासाने २८० होती म्हणून आणखी ४ घेतले. पहाटे तीनला घामाने भिजून जाग आली, मीटरवर ४८. साखर, बिस्किटं, उरलेली बासुंदी, हाताला लागेल ते खाल्लं. सकाळी ३१२. सासूबाई म्हणाल्या, "रात्री चोरून गोड खाल्लंस तर वाढणारच." त्यांचं तरी काय चुकलं? डॉक्टरही दर वेळी विचारतात, "काय खाल्लंत?" आता मी डॉक्टरांना दाखवायच्या शुगरच्या वहीत खोटे आकडे लिहायला लागलेय. २६० आली की १४० लिहिते. तीन महिन्यांच्या सरासरीची रक्ततपासणी (एचबीए१सी) मात्र ८.९ टक्के आली. डॉक्टर एकदा वहीकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. पुढच्या महिन्यात परत जायचंय. मी काय करू? आणि वर्गात शुगर एकदम उतरून लो झाली तर? शाळेत कुणालाच माहीत नाही. मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.
— तुमची एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र वाचताना "पहाटे तीनला" या शब्दांपाशी मी थांबले. मला टाइप वन होऊन यंदा ३४ वर्षं झाली. त्या वेळी दिवा न लावता ओट्यापाशी उभं राहून काय काय खाल्लं जातं, ते मला माहीत आहे. हात थरथरत असतो, डब्याचं झाकण निघत नाही, साखर ओट्यावर सांडते आणि तीही बोटाने टिपून खाल्ली जाते. याला चोरून खाणं म्हणत नाहीत. शुगर ४८ असताना साखर हे औषध असतं आणि तू औषध घेतलंस. सासूबाईंचं काय चुकलं, असं विचारतेस. या एका बाबतीत चुकलं. त्यांना ते कसं सांगायचं, ते पुढे लिहिते.

मी डॉक्टर नाही. युनिट किती वाढवायचे, किती कमी करायचे, हे तुझ्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण रोज त्याच वाटेने चालणारी बाई म्हणून काही गोष्टी मी तुला सांगू शकते.

आधी त्या रात्रीचं बोलू. तुझ्या पत्रात खरी धोक्याची गोष्ट ती आहे, २७१ नव्हे.

तू गणित शिकवतेस, तर हौदाची उदाहरणं आठव. एका नळाने हौद भरतो, दुसऱ्याने रिकामा होतो. जलद इन्सुलिन पंधरा-वीस मिनिटांत काम सुरू करतं, एक-दोन तासांनी जोरात असतं आणि जवळपास चार तास अंगात राहतं. तू जेवणानंतर तासाभराने ३०४ पाहिलीस तेव्हा भरणारा नळ पूर्ण सुटलेला होता आणि जेवणाआधीच्या युनिटांचं निम्म्याहून जास्त काम अजून बाकी होतं. त्यात तू ५ युनिटांचा नवा नळ सोडलास आणि दीड तासाने ४ युनिटांचा आणखी एक. मध्यरात्रीच्या सुमाराला अन्नाचा नळ आटला. बाकीचे वाहत राहिले. पहाटे तीनचे ४८ हे अगदी बरोबर उत्तर होतं. उदाहरण मांडतानाच आधीचं इन्सुलिन हिशेबात धरायचं राहून गेलं होतं. मी याला इन्सुलिनचे थर चढणं म्हणते. आमच्यातल्या बहुतेकांनी कधी ना कधी हे केलंय, आणि केलंय ते भीतीपोटीच.

म्हणून डॉक्टरांना दोन गोष्टी विचारून वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेव. १ युनिटाने माझी शुगर साधारण किती उतरते? आणि एकदा वाढीव युनिट घेतल्यावर परत घेण्याआधी किती तास थांबायचं? जलद इन्सुलिनला बहुधा चार तास सांगतील. ३०४ बघून पोटात गोळा येतो, पण रात्रीचे दोन-तीन तास शुगर ३०० राहिली म्हणून लगेच काही होत नाही. उलट्या, पोटदुखी, धाप, श्वासाला फळासारखा वास असं काही असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा घरी थांबायचंच नाही, दवाखाना गाठायचा.

आता ४८ नंतरच्या बासुंदीचं. शुगर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यात घालून घ्यायची, म्हणजे सपाट तीन-चार चमचे. पंधरा मिनिटं थांबायचं, परत बोट टोचून शुगर बघायची, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. बासुंदीतली साय आणि बिस्किटातलं तूप साखरेला पोटात अडवून धरतात. शुगर लवकर चढत नाही, मेंदू ओरडत राहतो, आपण खात राहतो, आणि दोन तासांनी सगळं एकदम रक्तात उतरतं. तुझी सकाळची ३१२ तिथून आली. ती पंधरा मिनिटं फार लांब असतात, मला माहीत आहे. मी त्यावर एकच उपाय केलाय. दुपारी डोकं शांत असताना काट्यावर १५-१५ ग्रॅम ग्लुकोज पावडर मोजून पुड्या बांधते. उशाशी दोन, पर्समध्ये दोन, स्कूटीच्या डिकीत एक. रात्री विचार करायचा नाही, एक पुडी घेतली, की घड्याळ बघायचं. तुझ्या त्या रात्री एका पुडीने भागलं नसतं, अंगात इन्सुलिन खूप होतं. दोन-तीन लागल्या असत्या आणि वर अर्धी पोळी. पण तेही मोजून खाता आलं असतं.

आणि नवऱ्याला उठवायचं. तो दमून झोपलाय वगैरे मनात आणू नकोस. त्याला हेही शिकवून ठेव, की तू शुद्धीवर नसशील तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा. ग्लुकागॉनचं, म्हणजे उतरलेली शुगर चढवणारं इंजेक्शन घरी ठेवता येईल का, तेही डॉक्टरांना विचार.

आता पोहे. तू पत्रात दोन तासांनंतरचे आकडे लिहिलेस, खाण्याआधीचे लिहिलेच नाहीस. सोमवारी ११० वरून १३८ झाली असेल आणि मंगळवारी २४० वरून २७१, तर पोह्यांनी आणि युनिटांनी दोन्ही दिवशी जवळपास सारखंच काम केलं. गोंधळ आदल्या रात्रीपासून चालत आलेला होता. म्हणून सुटा आकडा कधीच बघू नकोस, जोडीने बघ.

आणि "तेच पोहे" म्हणजे किती? १०० ग्रॅम कोरड्या पोह्यांत ७५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं असतात. तू स्वतः दोन मुठी भिजवल्यास आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्यांच्या हाताने भिजवले, तर वीस ग्रॅमचा फरक सहज पडतो, म्हणजे पंधरा ग्रॅम कर्बोदकं. अनेकांना तेवढ्याला एक ते दीड युनिट लागतं. शिवाय एके दिवशी बटाटा, दुसऱ्या दिवशी नुसते कांदेपोहे. आठवडाभर काट्यावर मोजून भिजव. आयुष्यभर मोजायला नको, पण आठ दिवसांत नजर बसते. भाकरीचंही तसंच, एका घरातली भाकरी दुसऱ्या घरातल्या दीड भाकरीएवढी असते.

वेळेचं काय? इन्सुलिन टोचून पंधरा मिनिटांनी खाल्लंस, की शाळेची गाडी चुकेल म्हणून खाता खाता टोचलंस? पोहे झपाट्याने साखर होतात, तिथे ही पंधरा मिनिटं पन्नास-साठचा फरक पाडू शकतात. मीटरही देवाचं वाक्य नाही. चांगल्या मीटरलाही शंभरच्या वर पंधरा टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे खरी शुगर २०० असताना १७० किंवा २३० दिसली तरी मीटर बिघडलेलं नसतं. आणि बोट साबणाने धुतलेलंच हवं. आंबा चिरून नुसतं पुसलेलं बोट टोचलं तर आंब्याचीच शुगर कळते.

आता ज्यावर मला जास्त लिहायचंय ते. उद्या आंघोळीला गेलीस की पोटाला साबण लावताना बोटं सपाट ठेवून, हळू दाबत सगळीकडे फिरव. बेंबीच्या दोन्ही बाजूंना, मग मांड्यांवर. कुठे रबरासारखं जाड, फुगीर लागतंय का बघ. तू पंधरा वर्षं टोचते आहेस. माझं अकरावं-बारावं वर्ष असेल, तेव्हा मी बेंबीच्या डावीकडे ठरलेल्या जागी टोचत असे, कारण तिथे दुखत नसे. दुखत नव्हतं, कारण तिथे सुपारीएवढी गाठ झाली होती. त्या गाठीतून इन्सुलिन कधी अर्धंच रक्तात जायचं, कधी उशिरा जायचं, कधी सगळं एकदम. जवळजवळ दोन वर्षं मी जेवण कापत राहिले, भात सोडला, फळं सोडली, लग्नकार्यांना जाणं सोडलं, आणि एका डॉक्टरांनी मला "मनावर ताबा ठेवा" म्हणून सांगितलं. पुढे दुसऱ्या एका दवाखान्यातल्या शिकाऊ नर्सने माझ्या पोटावर हात फिरवला आणि विचारलं, "इथेच टोचता का हो रोज?" तोवर माझं पोट कुणी हात लावून पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी बाहेरच्या बाकड्यावर बसून मी खूप रडले. जेवण कापलं म्हणून नाही, दोन वर्षं मी स्वतःला लबाड समजत होते म्हणून.

गाठ सापडली तर तिथे टोचणं बंद, काही महिने तरी. पण जागा बदलण्याआधी डॉक्टरांशी बोल. मोकळ्या जागेतून इन्सुलिन नीट शोषलं जातं आणि तेच युनिट जास्त पडून शुगर लो होते. दर वेळी दोन बोटं अंतर सोडून टोचायचं, आणि सुई दर वेळी नवी. सुया महाग पडतात, आठ-आठ दिवस तीच वापरणाऱ्या खूप जणी मी पाहिल्यात. बोथट सुईने गाठी वाढतात, तिथे तरी काटकसर करू नकोस.

बाकीची कारणं भराभर सांगते. इन्सुलिनचं पेन पर्समध्ये आणि पर्स उन्हात तापलेल्या गाडीत, असं एप्रिल-मेमध्ये होत असेल तर त्या पेनवर भरवसा ठेवू नकोस. चालू पेन तीस अंशांच्या आत आणि साधारण चार आठवडेच चालतं. नवं पेन फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, फ्रीजरला चिकटून नाही, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यायचं. फ्रीज बंद असेल तेव्हा ओल्या मातीच्या मडक्यात, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवलेलं इन्सुलिन बरंच गार राहतं. पेनऐवजी कधी बाटलीतून घ्यायची वेळ आली तर बाटलीवरचा आकडा वाच. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली बाटलीही मिळते आणि १०० युनिटची बाटलीही, आणि ४० च्या बाटलीला लाल टोपणाची, १०० च्या बाटलीला केशरी टोपणाची सिरिंज लागते. इथली अदलाबदल जिवावर बेतते.

पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस बऱ्याच जणींची शुगर चढी राहते आणि पाळी आली की झपकन उतरते, म्हणून वहीत पाळीची तारीखही हवी. पहाटे शरीर आपणहून काही संप्रेरकं सोडतं आणि यकृत साखर ओततं, त्यामुळे काही न खाता उपाशीपोटीची शुगर चढते. सर्दी-ताप, अपुरी झोप, शाळेची तपासणी, नवं घर, सगळ्याने वाढते. शाळेत दिवसभर उभं राहून आलं किंवा स्नेहसंमेलनासाठी मैदान झाडलं, तर त्या रात्री उतरते. उपासाची साबुदाण्याची खिचडी पोह्यांहून वरचढ, तिला पथ्याचं समजू नकोस. जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची शतपावली मात्र खरंच उपयोगी पडते. नवऱ्याला सोबत घे. आणि एक पक्कं लक्षात ठेव, आजारपणात जेवण गेलं नाही तरी टाइप वनमध्ये इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

एवढं सगळं करूनही काही आकड्यांचं कारण सापडणार नाही. मला आजही सापडत नाही. निरोगी माणसाचं स्वादुपिंड मिनिटामिनिटाला मोजून इन्सुलिन सोडतं. आपण ते काम दिवसातून चार वेळा अंदाजाने करतो. जगभरातल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये मिळून जे ध्येय ठरवलं, त्यातसुद्धा शुगर ७० ते १८० मध्ये दिवसाचा सत्तर टक्के वेळ राहिली तर उत्तम, असं म्हटलंय. चोवीसपैकी सतरा तास. उरलेले सात तास इकडे-तिकडे होणार हे त्यांनीच धरून चाललंय. तू मात्र स्वतःकडून चोवीसच्या चोवीस मागतेस, आणि मिळाले नाहीत की खोटे लिहितेस.

वहीचं बोलायलाच हवं. मीही लिहीत असे. पेनची शाई बदलून, म्हणजे एका बसणीत लिहिलंय असं वाटू नये म्हणून. तुला रागवायचा मला काही हक्क नाही, पण यात काय होतं ते बघ. तीन महिन्यांची ८.९ म्हणजे सरासरी २१० च्या आसपास. वहीत दिवसभर १४०. डॉक्टरांनी वहीवर विश्वास ठेवला तर त्यांना वाटणार, दिवसा ठीक आहे म्हणजे शुगर रात्री चढते. मग ते रात्रीचं इन्सुलिन वाढवणार. आणि पहाटे तीनला तू आधीच ४८ वर जाऊन आलीस. त्या खोट्या १४० चा धोका हा आहे.

तेव्हा मागची पानं राहू देत, फाडू नकोस. नवं पान घेऊन फक्त पाच दिवस खरं लिही. खाण्याआधीची शुगर, किती वाजता किती युनिट, काय आणि किती खाल्लं, दोन तासांनंतरची शुगर. शेजारी एक मोकळा रकाना: झोप झाली नाही, गाडीमागे पळाले, भांडण झालं, काहीही. पाचातल्या दोन रात्री गजर लावून तीनची शुगर बघ. तेवढ्या स्ट्रिपचा खर्च होईल तो कर. आणि डॉक्टरांसमोर बसल्या बसल्या, त्यांनी काही विचारायच्या आत सांग: "डॉक्टर, मागचे आकडे खरे नव्हते, मी घाबरून लिहिले होते. हे पाच दिवस खरे आहेत." घरी आरशासमोर एकदा म्हणून बघ, तोंडातून निघायला जड जातं. मग विचार, किती ग्रॅम कर्बोदकांना मला एक युनिट लागतं? पोट तपासाल का? दंडावर लावायचा, सतत शुगर मोजणारा चौदा दिवसांचा सेन्सर एकदा लावून बघायचा का? सेन्सरने रात्रीचं चित्र दिसतं. फक्त त्याचा आकडा रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असतो, आणि त्या कुशीवर झोपलं की खोटी लो दाखवतो. एवढं खरं सांगूनही त्यांनी फक्त "काय खाल्लंत?" एवढंच विचारलं, तर साताऱ्यात, कराडला, नाहीतर पुण्याला टाइप वनचे बरेच रुग्ण बघणारा डॉक्टर शोध. यात कृतघ्नपणा काही नाही.

सासूबाईंनी त्या सकाळी रिकामी वाटी पाहिली. ४८ त्यांनी पाहिलेच नाहीत. घाम, थरथर, काही पाहिलं नाही, कारण तू कुणाला उठवलंच नाहीस. मीटरमध्ये आकडे साठलेले असतात. एखाद्या दुपारी निवडत-टिपत बसल्या असतील तेव्हा शेजारी बस आणि ते ४८ तारीख-वेळेसकट दाखव. "आई, त्या रात्री माझी शुगर इतकी उतरली होती, बेशुद्ध पडले असते. म्हणून खाल्लं." एवढंच. टाइप वन गोड खाऊन होत नाही, तेही सांग. बऱ्याच घरांत अजून तसंच वाटतं. मग त्यांच्याकडे एक काम सोप. पोहे त्यांनीच भिजवायचे असतील तर काट्यावर मोजून भिजवायला सांग. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत माझ्या पोळीचं पीठ वेगळं मोजून मळायच्या, आणि कुणी विचारलं तर अभिमानाने सांगायच्या.

राहिला तुझा वर्ग. आधी मुख्याध्यापकांना आणि शेजारच्या वर्गावर असणाऱ्या एका शिक्षिकेला सांग. मग मुलांना, दोन वाक्यांत: "माझ्या शरीरात इन्सुलिन तयार होत नाही, म्हणून मी ते बाहेरून घेते. कधी शिकवता शिकवता साखर कमी झाली तर मी बसून ग्लुकोज घेईन आणि पंधरा मिनिटांनी पुढे शिकवेन." मुलं दोन दिवस प्रश्न विचारतील, नंतर विसरतील. लो वाटली की फळ्यापाशी उभी राहू नकोस, उदाहरण अर्धं असलं तरी बस. शाळा सुटल्यावर गाडी चालवत जात असशील तर किल्ली लावण्याआधी शुगर बघ, १०० च्या खाली असेल तर आधी काही खा. वर्गाच्या कपाटात, खडूच्या खोक्याशेजारी दोन पुड्या ठेव आणि मॉनिटरला दाखवून ठेव. बाई खुर्चीत बसून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देईनाशा झाल्या, तर त्याने शेजारच्या वर्गातल्या बाईंना बोलवायचं आणि त्या पुड्या कुठे आहेत ते दाखवायचं.

तुझी,
ताई